फॅन बॉक्सचं माप: एका घराचे दोन स्लॅब

कराडजवळच्या एका गावातलं हे काम. माणसांची ओळख बाजूला ठेवली आहे, मापं मात्र माझ्या वहीतून जशीच्या तशी घेतली आहेत. मी गेली बरीच वर्षं घरगुती वायरिंगची कामं करतो. फॅन बॉक्स, म्हणजे पंखा टांगण्यासाठी स्लॅबमध्ये पुरायचा पत्र्याचा डबा, हा स्लॅबच्या दिवशी सर्वांत कमी विचार होणारा आणि पुढे तीस-चाळीस वर्षं बदलता न येणारा नग आहे. त्यामुळे हे प्रकरण सविस्तर मांडावंसं वाटलं.

पार्श्वभूमी

मालक निवृत्त शिक्षक. गावात सगळे त्यांना गुरुजी म्हणतात, मीही तेच म्हणतो. खालचा मजला पाच वर्षांपूर्वी बांधलेला, वायरिंग दुसऱ्या कोणीतरी केलेलं. आता मुलासाठी वरचा मजला चढवायचा होता: हॉल, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पुढे पडवी. एकूण सहा फॅन पॉइंट. स्लॅब पाच इंची, म्हणजे 125 मिलीमीटरचा. खालच्या जाळीत 8 मिलीमीटरच्या सळ्या सहा-सहा इंचांवर.

मला बोलावलं होतं वरच्या मजल्यासाठी. चहा पिताना गुरुजींच्या पत्नीने, म्हणजे काकूंनी, हॉलमधला फॅन दाखवला. "पाचवर ठेवला की खटखट करतो, आणि फॅन चालू असला की लाइट मिचमिचतात. दोनदा फॅन बदलून झाला बघा." फॅन दोनदा बदलूनही आवाज जात नसेल, तर दोष बहुधा फॅनच्या वर असतो. मी मेन स्विच बंद केला, शिडी लावली आणि फॅनचा कप, म्हणजे छताशी बॉक्सचं तोंड झाकणारी वाटी, खाली सरकवला.

काय सापडलं

बॉक्स गोल, चार इंच व्यासाचा, 65 मिलीमीटर खोल. आमच्या भागात दुकानात नुसतं "फॅन बॉक्स द्या" म्हटलं की बहुतेक वेळा हाच हातात पडतो. आतून 12 मिलीमीटरची आडवी सळी गेलेली. तिची खालची कड बॉक्सच्या तोंडापासून 27 मिलीमीटरवर. म्हणजे सळीच्या वर बॉक्सच्या तळापर्यंत 26 मिलीमीटर उरायला हवेत. पण स्लॅबच्या वेळी बॉक्सचं तोंड नीट बुजवलं नव्हतं, सिमेंटचं दूध आत शिरून तळाला पाच मिलीमीटरचा थर घट्ट बसला होता. प्रत्यक्षात जागा राहिली 21.

आपल्याकडचा फॅन या सळीवर कसा टांगतात हे ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. दांड्याच्या वरच्या टोकाला इंग्रजी यू आकाराची शॅकल असते. तिच्या दोन पाकळ्यांमधून एक बोल्ट जातो आणि त्या बोल्टवर रबराचं रील बसतं. हे रील सळीवर टेकतं. फॅनचा सगळा भार आणि सगळी थरथर या रबरातून सळीवर जाते. रील सळीवर नीट बसायला, या फॅनच्या मापाने, सळीच्या वर कमीत कमी 30 मिलीमीटर मोकळे लागत होते. इथे होते 21.

मग आधीच्या वायरमनने काय केलं? रील काढून टाकलं आणि नुसता बोल्ट सळीवर टेकवला. लोखंडावर लोखंड. पाच वर्षांत सळीवर नख अडकेल एवढी खाच पडली होती आणि बोल्टचे आटे एका बाजूने घासून सपाट झाले होते. बोल्टच्या टोकाला स्प्लिट पिन होती म्हणून नट सुटला नाही. ती पिन नसती तर त्या पाच वर्षांत एखाद्या दिवशी काय झालं असतं, याचा विचार मी त्या घरात बोलून दाखवला नाही. खाली गुरुजींची नात चित्रं रंगवत बसली होती.

लाइट मिचमिचण्याचं कारणही त्याच बॉक्समध्ये होतं. फॅनच्या बॉक्सचाच जंक्शन बॉक्स केला होता. बोर्डाकडून येणारा एक पाईप आणि चार लाइट पॉइंटकडे जाणारे चार, असे पाच पाईप त्यात उतरत होते. बोर्डाकडून आलेला एक न्यूट्रल, लाइटकडे जाणारे चार आणि फॅनचा एक, अशा सहा तारा एकाच पिळात पिळून वर टेप मारलेली. टेपचा डिंक वाळून ती सरकली होती, पीळ सैल होता आणि एक तार टोकाला काळी पडली होती. फॅन थरथरला की शॅकल त्या पिळाला धक्का देत होती, आणि लाइट मिचमिचत होते. दोन तक्रारींचं मूळ एकच होतं: बॉक्स लहान.

किती तारांना किती जागा

हॉलमध्ये हे बोलणं चालू असताना गुरुजींनी न्यू जर्सीत राहणाऱ्या भाच्याला फोन लावला. तो तिथे इमारतींच्या कामात आहे. त्याने सांगितलेली गोष्ट मला फार उपयोगी पडली. अमेरिकेच्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडमध्ये बॉक्स किती भरायचा याचा सरळ हिशेब दिला आहे. 14 गेजच्या प्रत्येक तारेला 2 घनइंच, 12 गेजच्या तारेला 2.25 घनइंच. पहिल्या चार अर्थच्या तारा मिळून एक धरायची, पुढच्या प्रत्येकीला पाव. बॉक्सच्या आत दिवा टांगायचा स्टड असेल तर त्यालाही एका तारेएवढी जागा. शिवाय फॅन टांगायचा बॉक्स फॅनसाठी म्हणून प्रमाणित आणि तसा छाप असलेलाच लागतो. 70 पौंडांपेक्षा, म्हणजे साधारण 32 किलोंपेक्षा जड फॅनचा भार नुसत्या बॉक्सवर टाकता येत नाही.

आपल्याकडचा फॅन चार-पाच किलोंचा असतो आणि आपली टांगायची पद्धतही वेगळी, त्यामुळे तो कोड इथे जसाच्या तसा लावायचा नाही. पण तारांचा हिशेब कुठेही लागू पडतो. आपली घरगुती दीड स्क्वेअरची, म्हणजे दीड चौरस मिलीमीटरची, तार तिथल्या 14 गेजपेक्षा थोडी बारीक, म्हणून 2 घनइंच धरले तर आपण सुरक्षित बाजूला राहतो. मी वहीच्या मागच्या पानावर मांडलं:

बोर्डाकडून फॅनचा एक फेज, लाइटचे चार फेज आणि एक न्यूट्रल, अशा सहा तारा. लाइटकडे जाणाऱ्या आठ. एकूण 14, म्हणजे 28 घनइंच. पाच अर्थचे सव्वा नग, अडीच घनइंच. सळीचे दोन. बेरीज साडेबत्तीस. आणि चार इंच व्यास, अडीच इंच खोलीचा तो बॉक्स नवा असताना होता साधारण 31 घनइंच. सिमेंटच्या थराने त्यातलेही दोन-अडीच खाल्लेले. शिवाय अमेरिकेत फॅनचं बहुतेक सगळं सामान बॉक्सच्या खाली असतं. आपल्याकडे शॅकल आणि रील त्याच बॉक्सच्या पोटात शिरतात, त्यांची जागा या बेरजेत धरलेलीच नाही.

भरीला भर म्हणजे लाइटचे चारही फेज त्या बॉक्समध्ये तोडून जोडले होते. तेच अखंड पुढे नेले असते तर प्रत्येकी एकच तार मोजावी लागली असती आणि बेरीज साडेचोविसावर आली असती. बॉक्स तोच, पण सांधे टाळले असते तर आठ घनइंच वाचले असते.

वरच्या स्लॅबसाठी समोर असलेले पर्याय

सेंट्रिंग, म्हणजे स्लॅबचा साचा, लागलं होतं, लोखंड बांधणं सुरू व्हायचं होतं. निर्णयाला दोन दिवस हातात होते.

नेहमीचा 65 चा बॉक्स पहिल्याच झटक्यात बाद केला. नवा कोरा असतानाही त्यात सळीच्या वर 26 मिलीमीटरच मिळतात. फिटिंग करणाऱ्याला रील काढायचा मोह होणारच.

गुरुजींच्या मुलाचं म्हणणं पडलं की सरळ 100 मिलीमीटर खोल बॉक्स टाकू, कटकट नको. मलाही पहिल्यांदा ते पटलं. पण आरसीसीचे इंजिनीअर सकाळी साइटवर आले तेव्हा त्यांनी पट्टी लावून दाखवलं. 125 च्या स्लॅबमध्ये 100 चा बॉक्स म्हणजे डोक्यावर फक्त 25 मिलीमीटर काँक्रीट. आणि हा गच्चीचा स्लॅब, त्यावर पावसाळे जाणार. "पाणी कुठून उतरायचं ते तुम्हीच ठरवून देताय," एवढंच म्हणाले. आमच्या भागात फॅनच्या कपातून थेंब गळणारी घरं मी कमी पाहिलेली नाहीत. त्यामुळे वाद घातला नाही.

तिसरी सूचना सेंट्रिंगच्या मिस्त्रींची: बॉक्सच नको, जुन्या पद्धतीने नुसता हुक सोडा आणि वायर बाजूच्या छोट्या बॉक्समधून घ्या. भाराच्या दृष्टीने याला मी नावं ठेवणार नाही, जुने हुक पन्नास-पन्नास वर्षं फॅन धरून आहेत. पण हुक छतातून खाली लोंबतो, कप छताला टेकत नाही, आणि वायर उघडी दिसते. काकूंना ते नको होतं. घर त्यांचं आहे, त्यांच्या पसंतीलाही किंमत आहे.

शेवटी उरला मधला मार्ग. बॉक्स 75 मिलीमीटरचा, डोक्यावर 50 मिलीमीटर काँक्रीट. फॅन बॉक्समध्ये फॅनच्याच तारा, लाइटच्या सांध्यांसाठी वेगळे जंक्शन बॉक्स. आणि सळी मधोमध न ठेवता खाली.

हा सळीचा मुद्दा मला या कामातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. दुकानात आपण बॉक्सची खोली विचारतो, पण खरं माप आहे सळीच्या वरची मोकळी जागा. आमच्या जाळीखाली 20 मिलीमीटरचे कव्हर ब्लॉक (जाळी उचलून धरणारे ठोकळे), त्यावर 8 ची मुख्य सळई. म्हणजे तिचा माथा सेंट्रिंग प्लेटपासून 28 वर. फॅनची सळी बरोबर तिथेच आडवी टेकवली, तर तिच्या 12 मिलीमीटर जाडीनंतर वर 35 उरतात. रीलला 30 लागतात. आणि भार बॉक्सच्या पत्र्यावर न येता थेट जाळीवर जातो. तयार बॉक्समध्ये भोकं मधोमध होती, म्हणून गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून 28 च्या मापावर नवी भोकं पाडून घेतली. सळ्या लांब कापल्या: बॉक्सच्या दोन्ही बाजूंना वीतभर बाहेर, टोकं वर वळवलेली. सहा बॉक्सचा मिळून खर्चातला फरक हजार रुपयांच्या आत होता.

जागा ठरवणं

बॉक्स खोलीच्या मधोमध, असं सगळेच धरून चालतात. एका खोलीत दोन फूट खोलीचं कपाट छतापर्यंत येणार होतं, हे मुलाच्या बायकोच्या बोलण्यातून सहज निघालं. मधोमध बॉक्स टाकला असता तर 1200 मिलीमीटरच्या फॅनचं पातं कपाटाच्या दारांच्या बाजूला फारच जवळ गेलं असतं आणि पलंगावर वारा तिरका आला असता. कपाट सोडून उरलेल्या जागेचा मध्य काढला, बॉक्स एक फूट सरकला. प्लेटवर खडूने फुली मारली आणि त्याभोवती 600 च्या त्रिज्येचा गोलही काढला, म्हणजे घरच्यांना पातं कुठवर फिरणार ते डोळ्यांनी दिसेल. सुनेने स्वतः प्लेटवर उभं राहून तिथून कपाटापर्यंत पावलं मोजली.

स्लॅबचा दिवस

बॉक्स जाळीच्या दोन सळ्यांच्या मध्ये बसवले, एकही सळई कापू दिली नाही. फॅनच्या सळीची टोकं बायंडिंग वायरने चार ठिकाणी बांधली. बॉक्समध्ये ओली वाळू ठासून भरली, तोंडावर कागद आणि टेप. पाईपच्या तोंडांना टोप्या. भुसा किंवा वर्तमानपत्राचे बोळे मी आता वापरत नाही, भिजल्यावर ते दबतात आणि सिमेंटचं दूध वाट काढतंच.

माल पडायला लागल्यावर मी आणि माझा पोरगा दोघेही वर थांबलो. थांबलो म्हणूनच पडवीतला प्रकार दिसला. व्हायब्रेटरची सुई बॉक्सला लागली आणि बॉक्स तिरका झाला. ओल्या मालात हात घालून तो सरळ केला, पण एका पाईपची टोपी निघून गेली होती, ते आमच्या लक्षात आलं नाही.

खालच्या हॉलचं काय केलं

तिथला बॉक्स काढता येणार नव्हता. सळी पत्र्याच्या बाहेर किती गेली आहे, जाळीवर टेकली आहे की नाही, हे खालून कळायला मार्ग नव्हता. खाच पडलेली आणि टोकं न दिसणारी सळी मी पुन्हा वापरणार नव्हतो. छोटं रील बसवून वेळ मारून नेता आली असती. गुरुजींनीही विचारलं, "तेवढ्याने भागणार नाही का?" मी त्यांना बोल्ट हातात दिला. तो पाहून त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

6 मिलीमीटर जाडीची लोखंडी प्लेट करून घेतली, मध्ये वायरसाठी भोक, खाली हुक वेल्ड केलेला. बॉक्सच्या तोंडाभोवती चार अँकर फास्टनर मारून ती बसवली. ड्रिल मारताना पाईप फुटायची भीती होती, पण पाच पाईप कुठल्या दिशेने जातात ते बॉक्सच्या आतून दिसत होतं. त्या रेषा छतावर पेन्सिलने काढून त्यांच्या मधल्या जागा निवडल्या. दोनदा ड्रिल सळईला लागलं, दोन्ही वेळा जागा बदलली आणि चुकीची भोकं बुजवली. मग 50 किलोंची सिमेंटची गोणी रात्रभर हुकाला टांगून ठेवली, खाली जुन्या गाद्या टाकून. सकाळी प्लेट आणि छताच्या मध्ये कागदही सरकत नव्हता.

लाइटचे सांधे बाहेर काढले, बोर्डाशेजारी नवा जंक्शन बॉक्स केला आणि प्रत्येक जोड स्क्रू कनेक्टरमध्ये घेतला. फॅन बॉक्समधून आता लाइटच्या तारा अखंड जातात. प्लेटमुळे फॅन थोडा खाली आला, म्हणून दांडा आखूड घेतला. पात्यांखाली आठ फुटांपेक्षा कमी उंची मी ठेवत नाही.

काय निष्पन्न झालं

सेंट्रिंग उतरल्यावर सहापैकी पाच बॉक्स स्वच्छ निघाले. वाळू बोटाने खाली आली, सळीच्या वर पट्टी घालून पाहिली तर 34-35. पडवीतल्या बॉक्समध्ये दूध शिरलं होतं, छिन्नीने खरवडायला माझ्या पोराला दोन तास लागले. आणि टोपी गेलेला पाईप पूर्ण बुजला. पडवीच्या दुसऱ्या लाइटची तार शेवटी भिंतीवरून पट्टीतून न्यावी लागली. ती पट्टी मला अजून खुपते.

फॅन लावण्याआधी वरच्या सहाही सळ्यांवर तीच गोणी टांगून पाहिली. मुलाने बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) फॅन घेतले, साध्या फॅनचे 75 वॉट तर यांचे तिशीच्या आसपास. रिमोटचे असल्याने रेग्युलेटर काढून सरळ फेज दिला. सगळी रीलं जागच्या जागी बसली, एकही काढावं लागलं नाही. गच्चीवर ब्रिकबॅट कोबा (गळती थांबवणारा विटांच्या तुकड्यांचा थर) झाल्यावर तीन दिवस पाणी साठवून ठेवलं आणि रोज एकेक कप खाली करून आत हात फिरवला. कोरडा. पहिल्या पावसाळ्यातही कोरडाच राहिला.

खालच्या हॉलमधली खटखट गेली. पाचवर हलकी घुमघुम उरली आहे, ती फॅनचीच आहे असं मला वाटतं. लाइट मिचमिचायचे थांबले.

पुन्हा करायचं झालं तर

व्हायब्रेटर चालवणाऱ्याला प्रत्येक बॉक्सची जागा आधी दाखवायला हवी होती. खडूची खूण मालाखाली जाते. आता मी प्रत्येक बॉक्सशेजारी जाळीला लाल चिंधी बांधलेली काडी उभी करतो, माल पडताना ती वर दिसत राहते. पाईपच्या टोप्या नुसत्या दाबून न बसवता सोल्युशन लावून बसवतो.

जंक्शन बॉक्स वेगळे केले ते बरोबरच, पण हॉलमध्ये त्यांची जागा ठरवताना घाई झाली. दोन बॉक्स अगदी नजरेसमोर आले आणि त्यांवर गोल झाकणं दिसतात. बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात घेतले असते तर दिसले नसते.

आणि एक काम मी स्लॅबच्या आधी करायला हवं होतं, ते नंतर केलं: फॅन आधी विकत आणायला सांगणं. निदान एक नमुना तरी. मी जुन्या फॅनच्या रीलवरून 30 मिलीमीटर धरले आणि नवे फॅन त्यातच बसले. नव्या फॅनची शॅकल मोठी निघाली असती तर 35 मध्येही ओढाताण झाली असती. आता साइटवर बॉक्सची ऑर्डर देण्याआधी शॅकल आणि रील हातात घेऊन, ते 12 च्या सळीच्या तुकड्यावर टांगून, वर किती जागा जाते ते पट्टीने मोजतो.

खालच्या मागच्या खोलीचा फॅन बॉक्सही तसाच 65 चा आहे. तिथे रील आहे, पण अर्धं कापून बसवलेलं. गुरुजींना कळवलं आहे, दिवाळीपूर्वी तिथेही प्लेट बसवायची आहे. तोवर तो फॅन बंद ठेवला आहे आणि त्याच्या स्विचवर काकूंनी चिकटपट्टी लावली आहे.